वजीरसाहेब सुबुकदोष झाले

खुर्ची सोडणाऱ्या माणसाबद्दल लोक फार चांगलं बोलतात. केवढं मोठं मन, म्हणतात, एवढं पद सोडलं. असं काही कानावर आलं की माझं डोकं फिरतं. खुर्चीतला माणूस उठून जातो, पण त्याच्यासमोर हात जोडून उभे असलेल्यांचं पुढं काय होतं, ते कुणी विचारत नाही. मी उभा होतो म्हणून मला ठाऊक आहे. खरं सांगायचं तर उभी माझी अक्का होती, मी तिच्या मागं कागद धरून होतो.

हे निजामाच्या अमलातलं. मी तेव्हा बीडच्या कचेरीबाहेर अर्जनवीस होतो. लिंबाखाली सतरंजी, पुढं उतरतं मेज, दौत, बोरूच्या चारदोन लेखण्या, आणि समोर उकिडवा बसलेला कुणीतरी खेड्यातला माणूस. सरकारची भाषा सगळी उर्दू आणि लोकांची रड सगळी मराठीत. एकाची रड दुसऱ्याच्या भाषेत उतरवायची, हा माझा धंदा. लोक मला मुनशी म्हणत. वय पंचविशीच्या आत, अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराचा मला भलताच गर्व. गर्वाचं घर खाली, असं म्हणतात. माझ्या गर्वापायी खाली आलं ते घर अक्काचं होतं.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तेराव्या वर्षी तिला दिंद्रुडच्या बाजूला दिली आणि पंधराव्या वर्षी कुंकू पुसून ती परत आली. सासरच्यांनी तेव्हा तिला अडवलं नाही, खाणारं एक तोंड कमी झालं म्हणून सुटकेचा निःश्वासच टाकला असेल. आमचं गाव पाली आणि मांजरसुंब्याच्या मधलं, रस्त्यापासून कोसभर आत. आई-वडील गेल्यावर घरात अक्का आणि एक म्हातारी आत्या एवढ्याच उरल्या. शेत बटाईनं दिलेलं. शुक्रवारी कचेरी बंद असायची, म्हणून मी गुरुवारी संध्याकाळी गावी यायचो.

शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की अक्का भांडी आवरून माझ्यासमोर पाटी घेऊन बसे. बाळबोध तिला मी शिकवलं. चार महिन्यांत ती वाचायला लागली आणि वर्षभरात माझ्या चुका काढायला लागली. तिला शब्दांची खोड होती. मी उर्दू अर्जांतले शब्द सांगायचो, ती ते बाळबोधीत भिंतीवर कोळशानं लिहून ठेवायची. एकदा गावाबाहेर पालं ठोकून राहिलेल्या लोकांबद्दलचा एक अर्ज मी घरी लिहीत होतो. त्यात खानाबदोश हा शब्द आला. तिनं विचारलं, हे काय. मी सांगितलं, खाना म्हणजे घर आणि दोश म्हणजे खांदा. ज्याचं घर त्याच्या खांद्यावर, तो खानाबदोश. तिनं त्या शब्दावरून बोट फिरवलं आणि ती म्हणाली की, मुसलमानांच्या भाषेत लई माया हाय बघ. तो शब्द तिनं चुलीमागच्या भिंतीवर लिहिला. घर सारवताना ती तेवढी जागा सोडून सारवायची.

पुढं तिनं गावातल्या पोरींना शिकवायला घेतलं. पाटलाची कडबा ठेवायची पडवी होती, ती पाटलानं दिली. पाटील तसा वाईट माणूस नव्हता. आपल्या गावात काहीतरी चाललंय, हे त्याला आवडायचं, फक्त ते फार चालू नये एवढंच त्याचं म्हणणं. पोरी शेण्या थापून, भाकरी बडवून यायच्या. दोघीतिघींच्या कडेवर धाकटी भावंडं असायची. अक्काचा एक कायदा होता: शब्द चुकला की तो पुसायचा नाही. त्यावर काट मारायची, बाजूला बरोबर अक्षर लिहायचं आणि खाली दहा वेळा लिहून दाखवायचं. ती एकेक ओळ बोट ठेवून तपासायची. मारायची नाही, ओरडायची नाही. दहा वेळा लिहा, बास.

असं तीन वर्षं चाललं. मग तिकडं सासू अंथरुणाला खिळली, थोरली जाऊ बाळंतपणात गेली आणि इतक्या वर्षांनी सासरच्यांना आपल्याला एक सून असल्याची आठवण झाली. धाकटा दीर येऊन पाटलाच्या ओसरीवर बसला. आमची सून आमाला द्या, म्हणाला. घरात नऊ माणसं, दोन म्हशी, अंथरुणावर म्हातारी. सून नव्हे, त्यांना हात पाहिजे होते.

तो गेल्यावर अक्कानं मला जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. ती ज्वारी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तिथं मला कुनी मारत नव्हतं रे. कुनी बोलतच नव्हतं. दोन वर्षांत माझ्याशी कुनी एक वाक्य पुरं बोललं न्हाई. मला परत न्हाई जायचं."

पाटलाकडं न्याय मागायला गेलो, तेव्हा त्यानं तोड काढली. तुमच्या बहिणीला सरकारनं मास्तरीण केलं तर कोण हात लावील, म्हणाला. सरकारी माणूस म्हणजे सरकारी माणूस. तसा कागद आणा, मी दिंद्रुडवाल्यांना वाटेला लावतो. सगळं आता त्या एका कागदावर येऊन ठेपलं. खाजगी शाळेला मंजुरी लागायची, ती हैदराबादेहून यायची, आणि बाईला मास्तरीण म्हणून नेमायचं म्हणजे तर थेट तालीम, म्हणजे शिक्षण, खात्याच्या वजिराची सही लागायची. मी अर्ज दिला. तो बीडच्या कचेरीतच सहा महिने बसून राहिला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मी दुसऱ्यांना सांगत आलो होतो. स्वतःवर आलं तेव्हा कळलं की ही म्हण थट्टेची नाही.

तेवढ्यात बातमी आली की तालीम खात्याचे वजीर दौऱ्यावर निघालेत आणि मांजरसुंब्याला त्यांचा मुक्काम पडणार आहे.

मांजरसुंब्याच्या माळावर तंबू लागले. तहसीलची सगळी फौज तिथं, पाणक्यापासून पेशकारापर्यंत. मला अर्ज लिहायला बोलावलं होतं. अक्काला मी सांगितलं होतं की तू घरीच थांब, मी बघतो. ती थांबली नाही. दहाच्या सुमाराला बघतो तर रस्त्यानं अकरा पोरींची रांग, प्रत्येकीच्या हातात पाटी, पुढं अक्का, डोक्यावरून पदर. शिपाई आडवे आले. अक्कानं फक्त पोरींना खाली बसवलं आणि पाढे म्हणायला लावले. बेचा पाढा तंबूपर्यंत गेला आणि वजीरसाहेब स्वतः बाहेर आले.

उंच माणूस, पांढरी शेरवानी, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. पुढं मी त्याच्या नावानं किती बोटं मोडली त्याला गणती नाही, पण त्या दिवशी तो मला देवमाणूस वाटला, हे कबूल केलं पाहिजे. त्यानं माझ्यामार्फत एका पोरीला विचारलं, सकाळी कुठं जातेस ते लिही. पोरीनं लिहिलं, साळा. घरी बोलतात तसं. पेशकार हसला. अक्कानं ना वजिराकडं बघितलं ना पेशकाराकडं. पाटी घेतली, स वर काट मारली, बाजूला श लिहिला आणि म्हणाली, दहा वेळा.

पोरगी लिहायला बसली. सगळे खोळंबले. जेवण वाढलेलं, खानसामा दारात उभा. वजीरसाहेबांनी कुणालाच हलू दिलं नाही. ते तिथंच खुर्ची मागवून बसले आणि पोरीबरोबर मोजायला लागले, सात, आठ, नौ. दहावा शब्द झाला तेव्हा अक्कानं बोट ठेवून सगळे तपासले आणि मग मान हलवली. वजीरसाहेबांनीही मान हलवली. मला म्हणाले, "इनकी मिसल मेरे पास भेजो. मदरसा चलने दो. मंजूरी हो जाएगी."

हो जाएगी. या दोन शब्दांवर आम्ही पाच महिने जगलो. पाटीलही त्या दिवशी माळावर हजर होता, त्यानं ते शब्द स्वतःच्या कानांनी ऐकले होते. त्यानं दिंद्रुडला निरोप धाडला की वजिरानं तोंडानं सांगितलंय, बाई सरकारी कामात आहे, आता इकडं फिरकू नका. दीर फिरकला नाही. मिसल, म्हणजे आमच्या प्रकरणाचे सगळे कागद, खरोखरच हैदराबादेला गेली. अक्कानं पडवी चुन्यानं रंगवली. अकराच्या सोळा पोरी झाल्या.

आणि मग एके दिवशी कचेरीत जरीदा आला. जरीदा म्हणजे सरकारी हुकूम छापून येतात तो कागद. पेशकारानं मला आत बोलावून दाखवला. तालीम खात्याचे वजीर आपल्या खिदमतीतून सुबुकदोश झाले आहेत. एका फार मोठ्या ड्योढीतल्या तीन साहेबजाद्यांचे अतालीक म्हणून त्यांची नेमणूक झाली असून, यापुढं ते आपलं सगळं लक्ष त्या कामाकडं देणार आहेत.

ड्योढी म्हणजे उमरावाचा वाडा, आणि अतालीक म्हणजे शिक्षक. घरी राहून मोठ्यांच्या मुलांना शिकवणारा आणि वळण लावणारा. मी ते तीनदा वाचलं. अख्ख्या मुलखाच्या शाळा ज्याच्या हातात, त्या माणसानं त्या सोडल्या होत्या. कशासाठी, तर एका घरातल्या तीन पोरांना शिकवण्यासाठी. पेशकार म्हणाला की मोठा मान आहे, आता त्यांचं उठणं-बसणं कुठल्या कुठं गेलं. मी म्हणालो, आमच्या मिसलीचं काय. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी जेवणाच्या पंगतीत मयताची गोष्ट काढली. मिसल तिथं त्यांच्या मेजावर असेल, म्हणाला, नवे साहेब अजून ठरलेले नाहीत. आणि तोंडी हुकमाचं काय, विचारलं, तर तो हसला. तोंडी हुकूम तोंडाबरोबर जातो, म्हणाला.

मला संताप आला. ज्यानं आमच्या गावच्या एका पोरीचे दहा शब्द खुर्ची टाकून मोजले, त्याला उठताना मेजावरच्या एका कागदावर सही करायला सुचू नये? दौत तिथं, लेखणी तिथं. एक सही. ती राहिली, आणि गेलाही तो शिकवायलाच. दुसऱ्या कशासाठी गेला असता तर मला एवढं लागलं नसतं.

त्या संतापात मी अक्काला पत्र लिहिलं. मांजरसुंब्याकडं जाणारा गाडीवान कचेरीसमोर बैल धरून उभा होता, लवकर दे बे, म्हणून दोनदा ओरडला. मी लिंबाखाली बसून चार ओळी खरडल्या. बाळबोधीत, अक्कासाठी. वजीरसाहेब सुबुकदोष झाले. मिसल अडकली. मी बघतो. कोणास काही बोलू नये. शाई वाळायच्या आत घडी घालून दिली.

सुबुकदोश. सुबुक म्हणजे हलका आणि दोश म्हणजे खांदा. खांद्यावरचं ओझं उतरून मोकळा झाला तो सुबुकदोश. रोज उर्दूत लिहिलेला शब्द. पण बाळबोधीत हात चालला तो मराठीच्या सवयीनं. शेंडीफोड्या श लिहायचा, तिथं पोटफोड्या ष पडला. माझ्या मोत्यासारख्या अक्षरात, स्पष्ट, कुणालाही शंका येऊ नये असा.

पुढचे पंधरा दिवस मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. मुहतमीमाकडं, म्हणजे जिल्ह्यातल्या शाळांवरच्या साहेबाकडं गेलो, त्यानं पेशकाराकडं पाठवलं. पेशकारानं पुन्हा मुहतमीमाकडं. शेवटी कळलं ते एवढंच की नवे वजीर आल्यावर सगळं नव्यानं होईल, तेव्हा नवी दरख्वास्त द्या. मी त्या वजिराला मनातल्या मनात आणि कधीकधी मोठ्यानंही शिव्या देत फिरत होतो. गुरुवारी गावी गेलो नाही, पुढच्या गुरुवारीही नाही. रिकाम्या हातानं अक्कासमोर जायला जीव धजत नव्हता. माझं हेही चुकलंच.

तिसऱ्या आठवड्यात बीडच्या बाजारात आमच्या गावचा एक माणूस भेटला. बोलता बोलता म्हणाला की पडवीत पुन्हा कडबा भरला. मी विचारलं, आणि शाळा? तो म्हणाला, "शाळा कवाच बंद झाली की, मुनशी. वजिरालाच दोष लागला म्हनं ना. तुमच्या अक्काचा दीर आलाय काल, गाडी घेऊन."

मी तसाच निघालो. पालीवरून चालत, जोड्यात खडा गेला तो काढायलासुद्धा थांबलो नाही. गावात शिरलो तो थेट पाटलाच्या ओसरीवर. पाटील पान लावत बसला होता. मी काही विचारायच्या आत त्यानं झालेलं सगळं सांगितलं, आणि असं शांतपणे सांगितलं की मला त्याच्या शांतपणाचाच राग आला.

आमच्या गावात पत्र येणं म्हणजे सगळ्या गावाला पत्र येणं. गाडीवानानं ते रिवाजाप्रमाणं चावडीवर दिलं. कुलकर्ण्यानं ते रिवाजाप्रमाणं मोठ्यानं वाचलं. वजीरसाहेब सुबुकदोष झाले. कुणाला कळेना. मग कुलकर्ण्यानं फोड केली. सुबुक म्हणजे सुबक, म्हणजे चांगला. दोष म्हणजे दोष. वजिराला चांगलाच दोष लागला आहे, मोठा गुन्हा सिद्ध झालेला दिसतो. त्यापुढं लिहिलेलं, मिसल अडकली. आणि त्यापुढं, कोणास काही बोलू नये. आता आणखी काय पाहिजे? सगळं जिथल्या तिथं बसलं. कुणीतरी म्हणालं की पोरी शिकवायच्या नादातच लागला असेल. ज्याला सरकारनं दोषी ठरवलं, त्याच्या तोंडच्या शब्दावर चाललेली शाळा ठेवली तर उद्या चावडीवर फौजदार येईल. पाटलानं त्याच दिवशी पोरी घरी पाठवल्या आणि दिंद्रुडला निरोप धाडला की या आणि तुमची सून घेऊन जा.

मी कपाळावर हात मारला. ओरडून सांगितलं की अहो, दोष नाही, दोश. खांदा. ओझं उतरलं, एवढाच अर्थ. माणूस मानानं गेलाय, मोठ्या घरात शिकवायला गेलाय, त्याला कसला गुन्हा नि कसलं काय.

पाटलानं पानाला चुना लावला. मग म्हणाला, "खांदा. हां. तुमची अक्का बी हेच सांगत हुती."

मी तिथंच ओसरीच्या कडेला टेकलो.

"पत्र वाचलं तवा ती चावडीवर आलती," पाटील म्हणाला. "पदर घिऊन हुबी ऱ्हायली आन् म्हनली, दोश म्हंजी खांदा, घरी भिताडावर लिवलाय, चला दावते. कुलकर्नी म्हनले, खांदा असता तर शेंडीफोड्या श असता बाई. हितं पोटफोड्या हाय. ती म्हनली, भावाचं चुकलंय. समदे हसले, मुनशी. बीडच्या कचेरीत लिवनाऱ्याचं चुकलं, आन् हिचं बरोबर? बाईमानसाला सरकारची भाषा कशी कळंल? आमी म्हनलं, भावानं लिवलंय तेच खरं."

मी तिला शिकवलं होतं. तिनं ते बरोबर शिकून ठेवलं होतं, सगळ्या गावासमोर बरोबर सांगितलंही होतं. तिचं बरोबर हरलं होतं ते वजिरापुढं नाही, पाटलापुढं नाही, माझ्या चुकीपुढं. पंधरा दिवस मी ज्याच्या नावानं बोटं मोडत होतो तो हैदराबादेत होता. आणि इथं ज्यानं घात केला तो लिंबाखाली बसून मोत्यासारखं अक्षर काढत होता. आपल्याकडं ध चा मा केल्याची गोष्ट सांगतात. ज्यांनी तो केला त्यांनी निदान जाणूनबुजून केला. माझा ष असाच, घाईत, गाडीवान ओरडला म्हणून.

मी पाटलाला म्हणालो, आता कळलं ना, मग निरोप फिरवा. दिराला सांगा की गैरसमज झाला. शाळा चालू द्या, मी नवी दरख्वास्त देतो.

पाटलानं पान तोंडात टाकलं. त्याला पटलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "वजीर शबुद फिरवू शकतो, मुनशी," तो म्हणाला. "तो हैदराबादेत ऱ्हातो. मला हितं ऱ्हायचं हाय. आधी म्हनलं येऊ नका, मग म्हनलं या, आता म्हनू नका? दिंद्रुडवाले माझ्या तोंडावर थुकतील."

त्याचा शब्द त्याच्या जागी बरोबर होता आणि कुलकर्ण्याचं व्याकरण त्याच्या जागी. जो तो आपापल्या जागी बरोबर होता आणि अक्का जात होती. मी पाटलाच्या पाया पडलो, हेही लिहून ठेवतो. त्यानं मला उठवलं, पाणी दिलं, आणि नाही म्हणाला.

घरी गेलो तर अंगणात गाडी उभी होती. दीर बैलांना पाणी दाखवत होता. मी त्यालाही समजावलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला की दोष काय नि खांदा काय, म्हातारीला हागायला न्यायला घरात बाई नाही. त्याच्यापुरतं तेही खरंच होतं.

अक्काचं गाठोडं बांधून झालं होतं. एक लुगडं, एक वाकळ, आणि एक पाटी. पाटी दिरानं बघितली आणि राहू दिली. चुलीमागची भिंत तिनं तेवढीसुद्धा जागा न सोडता सारवली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि मला रडू आलं. मोठा माणूस, कचेरीतला मुनशी, आणि लहान पोरासारखा रडलो. म्हणालो, अक्का, माझ्यामुळं झालं. तू मला आधीच का नाही कळवलंस?

"लिवनार कशावर आन् धाडनार कुनाबरूबर?" ती म्हणाली. "चावडीवरूनच जायचं ना ते बी." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. निघताना कमरेची घडी काढून माझ्या हातात दिली. माझंच पत्र. "गाडी गेल्यावर वाच," म्हणाली, "सावकाश वाच. तू लई घाई करतूस."

आत्या दारात बसून होती. सोळापैकी पाचसहा पोरी कुंपणापाशी आल्या होत्या. गाडी ओढ्याच्या उतारावर गेली, पलीकडं चढली आणि वळली.

नवी दरख्वास्त मी दिली. नवे वजीर आले, तेही जाऊन आणखी एक आले, आणि दीड वर्षानं मंजुरीचा कागद आला, लाल मोहोर लावून. मुअल्लिमा हजर असल्यास मदरसा जारी करण्यात यावा. मुअल्लिमा म्हणजे मास्तरीण. तो कागद घेऊन मी दिंद्रुडच्या बाजूला गेलो होतो. अक्का गोठ्यात होती. म्हातारी जिवंत होती, आता तिला भरवावं लागत होतं. अक्कानं कागदाची मोहोर बोटानं चाचपली आणि तो मला परत दिला. त्या घरात माझ्यादेखत तिच्याशी कुणी एक वाक्य पुरं बोललं नाही. त्या वजीरसाहेबांचे साहेबजादे पुढं फार विद्वान निघाले म्हणतात. निघोत बापडे.

पण त्या दिवशी, गाडी दिसेनाशी झाल्यावर, मी ओसरीवर बसलो आणि पत्राची घडी उघडली. चार ओळी, माझ्याच अक्षरातल्या. वजीरसाहेब सुबुकदोष झाले. त्यातल्या ष वर तिनं काट मारली होती, एकच, सरळ. बाजूला श काढला होता, शेंडी नीट फुटलेला. आणि खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, दहा वेळा लिहा.

मी दौत काढली. त्याच कागदाच्या मागं, घाई न करता, तो शब्द दहा वेळा लिहिला. तपासायला ती नव्हती.